मिश्रीचा बुखार

गेल्या रमजानमध्ये एका सहरीला मिश्री आली नाही. एरवी स्वयंपाकघरात दिवा लागला की ती माझ्याआधी ओट्याजवळ हजर. रोजा तिला नसतो, पण सहरी ती चुकवत नाही. त्या दिवशी ताटली तशीच राहिली. फज्रनंतर शोधलं, तर गाद्यांच्या ढिगामागे अंग चोरून बसलेली. हाक मारल्यावर एक कान हलवला, एवढंच.

मी कानाला हात लावला. गरम लागला. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अम्मींनी, लांबूनच निदान केलं, "नाक सूखी है उसकी. बुखार है." धाकटी म्हणाली, "मम्मी, माझं तापाचं औषध आहे ना फ्रिजमध्ये, थोडंसं देऊ?"

मी इतक्या जोरात "नाही!" म्हणाले की पोरगी दचकली.

बी.एड. करत होते तेव्हाची गोष्ट. माहेरी एक करडा बोका होता, सुलतान. दोन दिवस जेवला नाही, अंग तापलेलं. घरात पॅरासिटामोलची गोळी होती. माणसाला जे चालतं ते मांजराला थोडं कमी करून द्यायचं, हे माझं तेव्हाचं शास्त्र. पाव गोळी पाण्यात विरघळवून चमच्याने पाजली. संध्याकाळपर्यंत त्याचं तोंड सुजलं, हिरड्या तपकिरी झाल्या, तो तोंड उघडून श्वास घेऊ लागला. उजाडायच्या आत गेला. अब्बांनी शेवग्याखाली खड्डा खणला. तापाने गेला, असंच आम्ही सगळे म्हणत राहिलो.

मिश्रीच्या लसीसाठी गेले तेव्हा बोलता बोलता हे जनावरांच्या डॉक्टरांना सांगितलं. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, हे औषध पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. त्याचं विष होतं, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, म्हणून हिरड्यांचा रंग बदलतो. गोळीचा तुकडासुद्धा पुरतो. "तुम्हाला कुठं माहीत होतं, मॅडम," असंही म्हणाले. खरं आहे. पण चमचा माझ्याच हातात होता.

उर्दूच्या तासाला मी मुलांना सांगते, 'बुखार' हा मुळात अरबी शब्द, अर्थ वाफ. माणसाच्या कपाळावर हात ठेवला की ती वाफ कळते. मांजराच्या बाबतीत हाच हात फसवतो. आपलं अंग ९८.६ फॅरनहाइटच्या आसपास, मांजराचं निरोगी असतानाच साधारण १००.५ ते १०२.५. म्हणजे धडधाकट मांजरसुद्धा आपल्याला कोमट-गरमच लागणार. उन्हात लोळून आलं की कान तापतात, झोपून उठलं की नाक कोरडं असतं. त्यावरून काहीच ठरत नाही. वागण्यावरून मात्र संशय घ्यावा: खाणं सोडणं, कोपऱ्यात लपणं, अंग चाटून साफ न करणं, अंगाला कापरं भरणं. ताप आहे का आणि किती, हे थर्मामीटरच सांगतो.

आणि तो तोंडात किंवा काखेत लावून भागत नाही, शेपटीखालीच लावावा लागतो. डिजिटल घ्यावा, काचेचा फुटला तर भलतंच होईल. धाकटीने मिश्रीला जाड टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं, मी टोकाला व्हॅसलीन लावलं, शेपटी हलकेच उचलून साधारण दोन सेंटिमीटर आत सरकवला आणि बीप होईपर्यंत धरला. एरवी ती नखं काढते. त्या दिवशी नुसती गुरगुरली, त्याचीच मला जास्त भीती वाटली. आकडा आला १०४.४. एकशे तीनच्या वर ताप धरतात. एकशे सहाच्या पुढे गेला तर घड्याळ बघत बसायचं नाही, तसंच उचलायचं.

अम्मींचं म्हणणं, आता सगळं नापाक झालं. थर्मामीटर साबणाने धुऊन स्पिरिटने पुसला, मी वुजू पुन्हा केला. बाकी मांजराचं म्हणाल तर अबू दाऊदच्या संग्रहात हजरत अबू कतादांची हदीस आहेच: वुजूच्या पाण्याचं भांडं त्यांनी मांजरापुढे तिरकं केलं, सून बघतच राहिली, तेव्हा त्यांनी सांगितलं की हुजूरांनी मांजराला नापाक म्हटलेलं नाही, ते तुमच्यात वावरणाऱ्यांपैकी आहे. तिथे सून चकित झाली होती, आमच्याकडे सासू.

डॉक्टरांनी शेपटीच्या मुळाशी केस बाजूला केले. दुसऱ्या मांजराच्या दाताचं बारीक भोक, वरून बुजलेलं, आत पू. मांजरांत तापाचं हे नेहमीचं कारण. पू काढला, अँटिबायोटिक दिलं, आणि खाण्याबद्दल बजावलं: मांजर दिवसभर जेवलं नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, उपाशी राहिलं की त्याच्या यकृतात चरबी साठायला लागते.

तो थर्मामीटर आता वेगळ्या डबीत असतो. डबीवर मी 'मिश्री' असं मराठीत आणि उर्दूत दोन्हीत लिहिलंय. अम्मी मराठी वाचत नाहीत, आणि आमचे साहेब चष्म्याशिवाय काहीच वाचत नाहीत, म्हणून अक्षर मोठं काढलंय.

चौथ्या सहरीला ती ओट्याजवळ आली. अम्मींनी आपल्या ताटातला खिम्याचा घास बाजूला काढला, "ले, तू भी कर सहरी." मी ओरडले, त्यात कांदा आहे, कांदाही मांजराला विषच. अम्मी म्हणाल्या, "या अल्लाह, फिर खाती क्या है ये?" मी उकडलेल्या कोंबडीची वाटी खाली ठेवली.