सही जुळत नाही

बँकेतल्या कारकुनाला सहीचं अप्रूप राहत नाही. ज्याच्या सहीसाठी स्टेडियमबाहेर पोरं चेंगरतात, तोच उद्या आमच्या काउंटरवर आला तर आम्ही म्हणणार, "साहेब, नमुन्याशी जुळत नाही. पुन्हा करा."

आमच्या मेहुण्याचं मात्र तसं नाही. परवा रात्री त्याचा फोन आला. "भाऊजी, नेटवर १९८३च्या चौदाही जणांच्या सह्यांची बॅट मिळतेय! पंचेचाळीस हजार. वर सर्टिफिकेट!"

"सर्टिफिकेट कुणाचं?"

"विकणाऱ्याचंच."

म्हणजे कर्जदार तोच आणि जामीनदारही तोच! दाखला तिऱ्हाइताचा हवा. त्यावरचा नंबर त्या तिऱ्हाइताच्या वेबसाइटवर आपण स्वतः ताडून पाहावा. तरीही जपून, कारण खरा नंबर खोट्या मालावर चिकटवता येतो. शिवाय माणूस कधी दोनदा हुबेहूब सही करत नाही. दहा बॅटींवर तंतोतंत एकच सही दिसली, तर ती हातची नव्हे, छापखान्याची समजावी.

अमेरिकेत १९९०च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' ही मोहीम काढली, तेव्हा बनावट मालात मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉलही निघाला. त्या बेसबॉल केव्हा खेळल्या, हे विचारायचं राहूनच गेलं असावं! उलट शेन वॉर्नची कसोटीची टोपी जानेवारी २०२० मध्ये वणवाग्रस्तांच्या मदतीसाठी दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर गेली. विकणारा खुद्द वॉर्न. वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हाती आली, याची किंमत असते ती ही.

मेहुणा जाहिरात वाचू लागला, "विजयाला चाळीस वर्षं झाली तेव्हा, जून २०२३ मध्ये, सर्व खेळाडूंनी समक्ष सह्या केल्या..."

"अरे, यशपाल शर्मा जुलै २०२१ मध्येच गेले!"

खातेदार वारल्यावर दोन वर्षांनी त्याचा चेक आला, तर तो परत करायला बी.कॉम. व्हावं लागत नाही.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच, "तो म्हणत होता, साइटबाहेर थेट यूपीआयने पाठवा, तीन हजार सूट देतो."

साइटबाहेर पैसे गेले की तक्रार ऐकायला साइट बांधील राहत नाही. विकणाऱ्याचं खातं किती जुनं, आधीची गिऱ्हाइकं काय म्हणतात, माल परत घेतो का, हे आधी पाहावं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा. 'पैसे परत देतो, पिन टाका' म्हणाला तर फोन ठेवावा. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. आणि गेलेच, तर तडक १९३० वर फोन करावा. महिन्याभराने पासबुक भरायला आल्यावर आम्हाला सांगून उपयोग नसतो.

ते पंचेचाळीस हजार भाच्याच्या शाळेच्या फीचे होते, हे मागाहून बायकोकडून कळलं. फी भरली गेली. मेहुण्याने मग कोपऱ्यावरच्या दुकानातून कोरी बॅट आणली आणि भाच्याने तिच्यावर स्केचपेनने सही ठोकली. वेलांटी चुकली आहे, पण सही अस्सल आहे. मी समक्ष पाहिली.