एका रिमोटला दोन बॉक्स

टीव्हीवरचे कार्यक्रम घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचा नाद मला न्यू जर्सीत लागला, २००६ च्या सुमारास. केबल कंपनीकडून रेकॉर्डर भाड्याने मिळायचा, पण त्यातलं रेकॉर्डिंग त्याच डब्यात अडकून पडायचं. वरच्या खोलीतल्या टीव्हीवर ते बघता यायचं नाही. लिनक्सवर चालणारं मिथटीव्ही हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट होतं. हॉपॉगचं पीव्हीआर-१५० हे ट्यूनर कार्ड चित्र स्वतःच एमपेग-२ मध्ये बसवून द्यायचं, त्यामुळे कॉम्प्युटर जुना असला तरी भागायचं. एक कार्ड म्हणजे एका वेळी एक चॅनेल. मुलांची कार्टून्स, आमच्या बातम्या, आणि उन्हाळ्यात सांगलीहून आई-बाबा यायचे त्यांची हिंदी मालिका आणि टेनिस. एका कार्डाची बघता बघता तीन झाली. एक थेट केबलवर, साध्या अ‍ॅनालॉग चॅनेलांसाठी. उरलेली दोन एस-व्हिडिओच्या वायरने दोन केबल बॉक्सना जोडलेली, कारण पैसे भरून घेतलेली चॅनेलं बॉक्सशिवाय उघडत नसत.

या जोडणीत मी केलेल्या चुका बहुतेक एकाच जातीच्या होत्या. काही बिघडलं की मी आणखी एखादी वस्तू आणून जोडायचो. आधीची नीट चालते का, हे बसून बघायचो नाही.

पहिला फटका सिग्नलचा. भिंतीतून घरात येणारी केबल एकच, आणि तिला धनी पाच: मोडेम, बैठकीतला टीव्ही, दोन बॉक्स आणि एक कार्ड. दोन फाट्यांचा स्प्लिटर लावला की प्रत्येक फाट्याला साधारण साडेतीन डेसिबलची घट सोसावी लागते, म्हणजे निम्म्याहूनही कमी सिग्नल पोहोचतो. चार फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये हीच घट सात डेसिबलच्या आसपास जाते. पदरात पडतो जेमतेम पाचवा हिस्सा. मी स्प्लिटरच्या पुढे स्प्लिटर लावत गेलो. कार्डावरच्या चित्रात मुंग्या दिसायला लागल्यावर एक अँप्लिफायर आणला आणि तो कॉम्प्युटरशेजारी, सगळे फाटे फुटून झाल्यावर, शेवटी बसवला. तिथे बसवलेला अँप्लिफायर चित्राबरोबर मुंग्याही मोठ्या करतो. मग तो उचलून केबल घरात शिरते तिथे लावला, तर इंटरनेट बंद. मोडेमला नुसतं घ्यायचं नसतं, परत पाठवायचंही असतं, आणि माझा अँप्लिफायर एकाच दिशेचा होता. योग्य रचना अगदी साधी होती: दारातच दोन फाटे, एक सरळ मोडेमला, दुसरा अँप्लिफायरमधून बाकीच्यांना, आणि स्प्लिटरचं जे तोंड रिकामं राहील त्याला ७५ ओहमचं टोपण. कागदावर आकृती काढली असती तर हे सुरुवातीलाच दिसलं असतं.

पण खरं सांगायचंय ते चॅनेल बदलण्याबद्दल.

कार्डाला बॉक्समधून येणारं चित्र मिळतं, पण बॉक्सवर कुठलं चॅनेल लावायचं हे कार्डाच्या हातात नसतं. त्यासाठी कॉम्प्युटरच्या मागून एक बारीक वायर काढतात. तिच्या टोकाला मुगाच्या दाण्याएवढा इन्फ्रारेड दिवा असतो. तो बॉक्सच्या पुढच्या काळ्या पट्टीवर चिकटवायचा. वेळ झाली की कॉम्प्युटर रिमोटचेच संकेत त्या दिव्यातून पाठवतो आणि बॉक्स चॅनेल बदलतो. एका बॉक्सवर हे सुरेख चाललं. म्हणून तसाच, त्याच मॉडेलचा दुसरा बॉक्स घेतला, त्याला दुसरा दिवा लावला आणि दोन्ही बॉक्स एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवले.

एकाच मॉडेलचे दोन बॉक्स एकाच रिमोटचं ऐकतात. बैठकीत एक टीव्ही असलेल्या घरात हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नाही. मी मात्र रोज नोकरीत यंत्रांशीच खेळतो. मला ते सुचायला हवं होतं. डाव्या बॉक्सच्या दिव्यातून निघालेला उजेड पट्टीच्या कडेने बाहेर सांडायचा, मागच्या पांढऱ्या भिंतीवर आपटायचा आणि उजव्या बॉक्सलाही पोहोचायचा. डोळ्यांना तो दिसत नाही, त्यामुळे संशयही येत नाही. आठला सुरू झालेलं रेकॉर्डिंग साडेआठपर्यंत ठीक असायचं. साडेआठला दुसऱ्या बॉक्सवर काही रेकॉर्ड व्हायचं असलं की त्याचा आकडा दोघांनाही लागायचा, आणि पहिल्या फाइलमध्ये मालिकेच्या ऐन मध्यावर बास्केटबॉल सुरू व्हायचा. दोन्ही रेकॉर्डिंग एकाच वेळी सुरू झाली तर आणखी वाईट. एकाचे आकडे दुसऱ्यात मिसळायचे आणि दोन्ही बॉक्स आम्ही कधी न पाहिलेल्या चॅनेलवर जाऊन बसायचे.

यात माझ्या हातून जे झालं त्याचं मला आजही वाईट वाटतं. आईची मालिका वारंवार अर्ध्यावर तुटायला लागली तेव्हा मी तिलाच म्हणालो, तू चुकून रिमोट दाबत असशील. ती म्हणाली, "अरे, मी त्याला हातसुद्धा लावत नाही." मी ऐकलं नाही. रिमोट उचलून वरच्या फडताळात ठेवला. त्यानंतरही मालिका तुटतच राहिली, पण आईने तक्रार करायचं बंद केलं. दुपारी फोनवर ती सांगलीच्या मावशीकडून पुढची गोष्ट विचारून घेत होती, हे मला बायकोकडून कळलं.

ते कळलं त्याच संध्याकाळी मी फळीसमोर खुर्ची टाकून बसलो. साडेआठ वाजले. उजव्या बॉक्सवरचे हिरवे आकडे बदलले आणि त्याच क्षणी डावीकडचेही बदलले. इतकंच बघायचं होतं. आधी मी आईची माफी मागितली, मग दुरुस्तीला लागलो. दोन्ही बॉक्सच्या मध्ये कागदाचा पुठ्ठा उभा केला, फरक पडला नाही. उजेड भिंतीवरून येत होता. दिव्यावर साधा कागद चिकटवला, तर इन्फ्रारेड पातळ कागदातून आरपार जातो. काळं प्लास्टिक लावलं, तेही फसलं, कारण दिसायला काळं असलेलं बरंच प्लास्टिक या उजेडाला काचेसारखं असतं. बॉक्सची ती पुढची पट्टीच मुळी तशी असते. शेवटी पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियम फॉइल कामाला आली. दिवा पट्टीवर चिकटवून वरून फॉइलची घट्ट घडी, तिच्या चारही कडांना इलेक्ट्रिशियनची काळी टेप. दुसऱ्या बॉक्सलाही तसंच. शिवाय दोन आकड्यांमध्ये थोडी उसंत ठेवली, कारण भराभर पाठवलेल्या आकड्यांतला एखादा बॉक्स गाळतो आणि १२५ चं १५ होऊन बसतं.

याहून चांगला मार्ग तेव्हा उपलब्ध होता. १ एप्रिल २००४ पासून अमेरिकेत केबल कंपन्यांवर नियमाने बंधन होतं, की ग्राहकाने मागितल्यास चालू फायरवायर जोडणी असलेला हाय-डेफिनिशन बॉक्स द्यायचा. त्या वायरीवरून चॅनेल बदलता येतं, दिवा नको आणि फॉइलही नको. मी कधी मागितलाच नाही. नियम वाचला तोवर आमची टेप दोनदा बदलून झाली होती.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की लिनक्स कार्डांना शून्य, एक, दोन हे क्रमांक दरवेळी त्याच क्रमाने देईल, असं मी धरून चाललो होतो. तसं होत नाही. एकदा वीज गेली, कार्डांची अदलाबदल झाली, आणि बातम्यांच्या नावाखाली कार्टून साठत राहिलं. कार्ड कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून त्याला पक्कं नाव देता येतं. ते काम मी लांबणीवर टाकलं होतं. हार्ड डिस्कचंही तसंच. तासाला अडीच-पावणेतीन जीबी अशा मोठाल्या फाइल्स ईएक्सटी-३ या लिनक्सच्या फाइल व्यवस्थेवर पुसायला कित्येक सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ डिस्क अडून राहिल्याने चालू रेकॉर्डिंगमध्ये खंड पडतात. मी मात्र दोष कार्डाचा समजून नवं कार्ड मागवलं.

आणि मग ६ जुलै २००८, विम्बल्डनची फेडरर-नदाल अंतिम लढत. बाबा जन्मभराचे टेनिसवेडे. विजय अमृतराज आणि रमेश कृष्णन यांच्या सामन्यांच्या बातम्या त्यांनी तरुणपणी पेपरातून कापून ठेवल्या होत्या. त्या रविवारी पेनसिल्व्हेनियात स्नेह्यांकडे मुंज होती. बाबांना घरीच थांबायचं होतं. मी म्हणालो, सगळं रेकॉर्ड होतंय, निर्धास्त चला. गाडीत रेडिओ लावला नाही, मुंजीत कुणाला निकाल बोलू दिला नाही. रात्री घरी येऊन बाबा खुर्ची ओढून बसले. पावसामुळे सामना आधी उशिरा सुरू झाला, मग दोनदा थांबला. कार्यक्रमांच्या गाइडमध्ये जी वेळ होती त्या वेळेला माझं रेकॉर्डिंग चौथ्या सेटमध्ये संपलं. पाचवा सेट ९-७ असा, लंडनला अंधार पडत असताना नदालने घेतला. तो सेट आमच्याकडे नव्हता. त्या दुपारी माझी दोन कार्डं रिकामी होती. शेवटी तासभर, दोन तास जास्तीचे धरायचे, एवढाच एक आकडा भरायचा होता, आणि खेळाच्या बाबतीत तो हवाच, हे मला ठाऊक होतं. बाबा रागावले नाहीत. "निकाल काय लागला तेवढं सांग," म्हणाले. मी इंटरनेटवरून वाचून दाखवला.

त्यानंतर मी कार्ड विकत घेतलं नाही. दर रविवारी आठवड्यातल्या प्रत्येक फाइलची सुरुवात, मध्य आणि शेवट उघडून बघायला लागलो. खेळाच्या सगळ्या रेकॉर्डिंगना तीन तासांची पुस्ती जोडली.

२०१० च्या जूनमध्ये बाबा पुन्हा आमच्याकडे होते, आणि विम्बल्डनच्या कोर्ट क्रमांक १८ वर इस्नर आणि माहू खेळत होते. दुसऱ्या दिवशी पाचवा सेट संपेचना तेव्हा मी ऑफिसातून घरी फोन केला. तीन तासांची पुस्तीही पुरणार नव्हती. बायकोने माझ्या सांगण्यावरून रेकॉर्डिंग लांबवलं, त्या बॉक्सवरचं पुढचं सगळं रद्द केलं, आणि बाबा स्वतः हिरव्या आकड्यांवर नजर ठेवून बसले. ५९-५९ वर उजेडाअभावी खेळ थांबला. तिसऱ्या दिवशी इस्नरने ७०-६८ असा जिंकला. अकरा तास पाच मिनिटांचा तो सामना सुमारे तीस जीबी झाला. जागा कमी पडत होती म्हणून माझे जपून ठेवलेले चित्रपट मी पुसले, आणि या वेळी एकेक करून, मध्ये थांबत पुसले.