फ्लॅनेलच्या बोर्डावरची गोष्ट

घरात तीन ते सहा वर्षांचं मूल असेल तर या उन्हाळ्यात फ्लॅनेलचा बोर्ड करून पाहाच. नागपूरचं ऊन काही वेगळं सांगायला नको. सकाळी दहापासून दारं-खिडक्या बंद, आणि मग दिवसभर मूल आणि मोबाइल यांच्यामधे आपण उभ्या!

मी एका बालवाडीत सकाळचे तीन तास शिकवते. तिथल्या मुलांसाठी म्हणून मी हा बोर्ड केला. महागडी साधनं आणायची गरज नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं, ते गारगोट्या, शंखशिंपले, पानं आणि बिया घेऊनच. आपल्या हाताशी तर त्याहून कितीतरी जास्त असतं.

सुताराकडून दोन बाय दीड फुटांचा प्लायवूडचा तुकडा आणा. जाड पुठ्ठाही चालेल. त्यावर गडद रंगाचं, बिनछापाचं फ्लॅनेल ताणून मागच्या बाजूला बारीक चुकांनी ठोका. पुठ्ठा असेल तर मागून दोऱ्यानं शिवून टाका. चारी बाजूंनी तीन-तीन इंच कापड जास्त ठेवा. गांधीबागेत कटपीस मिळतो. मी हिरवं घेतलं. त्यावर रान, शेत, अंगण सगळंच शोभतं. पुढच्या बाजूला डिंक किंवा खळ मात्र लावू नका. कापडाची लव कापडाच्या लवेत अडकते, एवढीच यातली जादू, आणि लव चिकटून बसली की जादू संपली.

चित्रं जुन्या कॅलेंडरांतून, लग्नपत्रिकांतून कापा, किंवा स्वतः काढा. कावळा कोंबडीसारखा झाला तरी मुलं समजून घेतात! कागद पातळ असेल तर आधी पुठ्ठ्यावर डकवा. मग पाठीवर बाळाच्या जुन्या झबल्या-दुपट्याचं फ्लॅनेल चिकटवा, लव बाहेर ठेवून. सँडपेपरचे तुकडेही चालतात, खरखरीत बाजू वर. खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, झुरळं लागू नयेत म्हणून. पण मोरचूद विषारी, आणि पोरं सगळं तोंडात घालतात; तेव्हा ती नकोच. बोर्ड भिंतीला टेकवून थोडा मागे कलता ठेवा, आणि कूलरच्या झोतापासून लांब, नाहीतर वाघ आधी आणि म्हातारी मागून, दोघंही उडून पलंगाखाली जातात.

आता खरं सांगायचं ते पुढेच आहे. गेल्या दिवाळीनंतर आमच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजत सगळं होतं, डोळे बोलत होते, पण शब्द ओठाशी येऊन अडायचा. गोष्टी सांगणं हे ज्यांचं रोज रात्रीचं काम, त्यांनी भिंतीकडे तोंड करून झोपायला सुरुवात केली. माझी पाच वर्षांची लेक खोलीच्या दारातूनच परत फिरायची. त्या दोघींकडे पाहवत नसे.

एका दुपारी बालवाडीतला बोर्ड घरी होता, नवी चित्रं चिकटवायची होती म्हणून. मी तो आईंच्या पलंगाशी खुर्चीवर ठेवला, चिऊ-काऊची चित्रं त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली आणि कुकर लावायला गेले. परत आले तर शेणाचं घर बोर्डावर लागलेलं, थोडं तिरपं, आणि त्याच्या बाजूला मेणाचं. लेक पलंगावर चढून बसली होती. आजी चित्र लावत होती आणि नात तोंडानं सांगत होती. पाऊस आला, शेणाचं घर गेलं. मग आईंनी कावळा उचलला आणि सरळ चिमणीच्या घरात नेऊन ठेवला.

“आजी, असं नाही ना! आधी तो दार वाजवते ना!”

आईंनी मान हलवली. लेकीनं कावळा बाहेर काढला. आईंनी पुन्हा आत ठेवला. दोघींचं चांगलंच भांडण जुंपलं. शेवटी लेकीनंच तोडगा काढला, “बरं, आज चिमणी लवकर उठली.” आणि आई कितीतरी दिवसांनी हसल्या, अर्ध्या तोंडानं.

बोलणं अजून आलेलं नाही. “पाणी” आणि लेकीचं नाव, एवढं स्पष्ट येतं. शिकवायला येणाऱ्या बाई रोजचा सराव करून घेतात, तो वेगळा. बोर्ड म्हणजे काही औषध नव्हे. पण आता दुपारी चार वाजले की डावा हात खुर्चीकडे बोट दाखवतो.

बालवाडीसाठी मला दुसरा बोर्ड करावा लागला. सध्या तान्ह्या पोळ्याचे बैल आणि पिवळी मारबत कापणं चालू आहे. फ्लॅनेल संपलंय, उद्या गांधीबागेत जायचंय. चित्रं थोडी मोठी कापा, हाताच्या पंज्याएवढी. म्हाताऱ्या बोटांना बारीक तुकडे उचलवत नाहीत.