चार हात सोडून

पहिल्या वर्षी होस्टेलवर कोणीतरी विचारलं, "तुझे वडील काय करतात रे?" मी सांगून टाकलं, "ट्रॅव्हल्सचा बिझनेस आहे." तसं अगदीच खोटं नव्हतं. ट्रॅव्हल्स होती, बिझनेसही होता. फक्त मालक दुसरे होते आणि आमचे अण्णा त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर! एवढीशी दुरुस्ती करायला मला तिसरं वर्ष उजाडलं. ती का करावीशी वाटली, त्याची ही गोष्ट.

गेल्या दिवाळीत भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी अण्णांच्या गाडीला सहलीची ऑर्डर आली. अंबाजोगाईहून आळंदी, देहू, पुणे आणि जेजुरी. माणसं बेचाळीस, त्यात निम्म्या आज्या आणि निम्मी पोरं. क्लिनर दिवाळीला गावी गेला तो आलाच नाही. अण्णा म्हणाले, "चल गाडीवर. तुझं पुणं बघणं होईल, अन् मलाबी सोबत." मी पडलो मेकॅनिकलचा विद्यार्थी. एअर ब्रेकची आकृती पेपरात काढून आलेलो. म्हटलं, क्लिनरचं काम ते काय असतं? दार उघडायचं आणि काच पुसायची!

रात्री नऊला नारळ फोडून निघालो. केज, मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड, आष्टी, कडा, नगर. बीड शहराला रेल्वे मिळाली ती 17 सप्टेंबर 2025 ला, आणि अंबाजोगाईला तर अजूनही नाही. त्यामुळे आमच्याकडे लग्न असो, देव असो की ऊसतोड, सगळं रस्त्यावरूनच. मांजरसुंब्याला चहाला थांबलो, तर शेजारीच कारखान्याकडे निघालेला एक ट्रक उभा होता. वर भांडी, बाजा, कोयते आणि पांघरुणात गुंडाळलेली पोरं. आमच्या गाडीतली पोरं चकल्या खात खिडकीतून त्यांच्याकडे बघत होती. अण्णांनी पूर्वी बरेच हंगाम असलीच गाडी चालवली आहे. ते काही बोलले नाहीत. चहा संपवला, चाकं ठोकून बघितली आणि गाडीत चढले.

पहिला दिवस आळंदी-देहूत गेला. दुसऱ्या दिवशी पुणं. आधी आगाखान पॅलेस झाला. कस्तुरबांचं 22 फेब्रुवारी 1944 ला तिथेच नजरकैदेत निधन झालं, हे मी माईकवर सांगितलं तेव्हा सगळ्या आज्या गप्प झाल्या. मग गाडी शहरात शिरली आणि माझी बोलतीच बंद झाली.

अण्णा पुढच्या गाडीपासून अंतर सोडायचे, त्या अंतरात दोन स्कूटर घुसायच्या. पुन्हा सोडायचे, आता रिक्षा घुसायची. मला राहवेना. म्हणालो, "अण्णा, तुम्ही जागा सोडता म्हणून तर ते घुसतात!"

"घुसू दे की. आपुन पाच मिनटं उशिरा जाऊ. जागा न्हाई सोडली तर ब्रेक जोरात मारावा लागतो, अन् नेमकी त्याच टायमाला मागं एखादी म्हातारी पिशवी काढायला उठलेली असती."

मी मनात हिशोब केला. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. पाय ब्रेकवर जायला एक सेकंद गेला तरी गाडी जवळजवळ स्वतःच्या लांबीएवढी पुढे गेलेली असते. हे गणित मला येत होतं. पण मागे उठलेली म्हातारी आमच्या पुस्तकात नव्हती.

वळणावर अण्णा आधी गाडी उलट्या बाजूला घ्यायचे आणि मग वळायचे. म्हणाले, "मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागनं येत न्हाई, आतनं येतं. चार हात सोडून वळायचं."

शनिवारवाडा बघून झाला. हत्तींनी धडक मारू नये म्हणून दिल्ली दरवाजाला बसवलेले खिळे बघून पोरं खूश होती. अण्णा मात्र गाडीपाशीच. इतक्या वर्षांत कितीतरी सहली त्यांनी इथे आणल्या, वाडा आतून एकदाही पाहिलेला नाही. गाडी सोडून कसं जायचं?

तिथून हडपसरमार्गे जेजुरी गाठायची होती. मोठ्या रस्त्यावर सगळं ठप्प. मी मोबाईलवर मॅप उघडला. डावीकडून गेलं तर नऊ मिनिटं वाचत होती.

"गाडी जाती का तिथनं?"

"जाती की! रस्ता दाखवायलाय."

अण्णांनी माझ्या शब्दावर गाडी वळवली, आणि दोनशे मीटरवर गल्ली अशी आवळत गेली की विचारू नका! दोन्हीकडे मोटारसायकली, डोक्यावर आकाशकंदिलांच्या माळा आणि पुढे काटकोनातलं वळण. गाडी अकरा मीटरची आहे हे मॅपला मी कुठे सांगितलं होतं? तो बिचारा मला मोटारीत बसलेला समजत होता.

मागे हॉर्न सुरू झाले. मला वाटलं, आता शिव्या बसणार. अण्णा एवढंच म्हणाले, "उतर. मागं जा. एक थाप म्हंजे थांब, दोन म्हंजे येऊ दे. काय बी कर, पर माझ्या आरशात रहा."

दोन थापा, गाडी हातभर मागे. एक थाप, थांब. गल्लीतल्या दोघा-तिघांनी गाड्या सरकवायला मदत केली. निम्मं अंतर आलो असू. एक मोटारसायकल आड आली म्हणून ती सरकवायला मी गाडीच्या मागे गेलो. तेवढ्यात एका फाटकातून पाच-सहा वर्षांचा पोरगा हातात टिकल्यांची बंदूक घेऊन पळत आला तो थेट गाडीच्या पाठीमागे. मी बघितलं. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. थाप मारायला हात पत्र्यापर्यंत पोचलाच नाही.

पण गाडी आधीच थांबलेली होती. एअर ब्रेकचा फुस्स आवाज तेवढा आला. पोरगा बंदूक वाजवत निघून गेला.

मी धावत पुढे गेलो. "अण्णा, तो पोरगा दिसला का तुम्हाला?"

"कोन पोरगा?"

"मग थांबलात कशामुळं?"

"तू दिसनास झालास, म्हनून."

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. आत चिवडा वाटप चाललं होतं. एक आजी म्हणाल्या, "लई येळ लावलास बाबा!" अण्णा हसले. आत कोणालाच काही कळलं नव्हतं. माझे हात मात्र हडपसर येईपर्यंत थरथरत होते.

रात्री जेजुरीत झोप येईना. वहीच्या पाठीमागे गणित मांडलं. दोन आसांमधलं अंतर 6 मीटर. पुढचं चाक 10 मीटर त्रिज्येनं वळलं, तर मागच्याची त्रिज्या 100 वजा 36, म्हणजे 64 चं वर्गमूळ, 8 मीटर. फरक 2 मीटर. दीड फुटाचा एक हात धरला तर चार हातांपेक्षा थोडासा जास्त! मी आनंदानं अण्णांना उठवून दाखवलं. त्यांनी वही नीट बघितली आणि म्हणाले, "मंग हे येत हुतं, तर गल्लीत कामून घातलीस?" आणि कूस बदलून झोपले.

तर मित्रांनो, रूम नंबर 14 मध्ये तीन वर्षांपूर्वी दिलेली माहिती चुकीची होती. आमचा ट्रॅव्हल्सचा बिझनेस नाही. माझे वडील ड्रायव्हर आहेत. पुढच्या सुट्टीतही मी त्यांच्या गाडीवर क्लिनर म्हणून जाणार आहे. या वेळी आरशात राहीन.