वाफेच्या खोलीतील सोबत

घड्याळाबरोबर येणारी पुस्तिका सहसा कोणी वाचत नाही. आम्ही वाचतो. निवृत्त माणसाला वाचायला काहीही चालते, आणि हल्लीच्या स्मार्टवॉचच्या सूचना हा तर एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच होऊन बसला आहे. जाहिरातीत समुद्रात झेप घेणारा जलतरणपटू असतो आणि सूचनांत, अगदी बारीक टाइपात, काय काय करू नये याची यादी असते. या यादीत बऱ्याच कंपन्यांचे एक समान कलम आढळते: हे घड्याळ सौनामध्ये किंवा स्टीमरूममध्ये घालू नये. पन्नास मीटर खोल पाण्याएवढा दाब सोसण्याची ग्वाही देणारे यंत्र वाफेला का भ्यावे, असा प्रश्न आम्हाला पडला. तो केवळ कुतूहलापोटी पडला असता तर इथवर लिहिण्याचे कारण नव्हते.

कारण असे, की पारनाक्यावर समुद्राच्या वाऱ्याला बसणाऱ्या आमच्या कंपूतील एका मित्राची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. परदेशस्थ मुलीने त्याला एक उत्तम स्मार्टवॉच पाठवले. ते नाडी मोजते, ठोके अनियमित झाले तर सूचना देते, माणूस पडला तर फोन लावते. बोर्डीच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये स्टीमची सोय झाल्यापासून हा गृहस्थ आठवड्यातून दोनदा तिथे जाऊ लागला. एकटाच. डॉक्टरला विचारलेस का, असे आम्ही म्हटले की मनगट पुढे करून म्हणे, "अरे, घड्याळ आहे ना!" त्या तीन शब्दांचा विचार करता करता हा लेख झाला.

प्रथम यंत्राच्या देहाविषयी. 'पाच एटीएम' किंवा 'पन्नास मीटर' हा शिक्का द्रवरूप पाण्याच्या दाबाच्या चाचणीचा असतो. त्याचा वाफेशी संबंध नाही. घड्याळाच्या सांध्यांत रबरासारख्या पदार्थाच्या बारीक कड्या बसवलेल्या असतात. पाण्याचा थेंब त्यांच्यापाशी अडतो, परंतु बाष्पाचे सुटे रेणू त्या रबरातूनही हळूहळू झिरपू शकतात. उष्णतेने धातू, काच आणि रबर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे सांधे सैल होतात. मग माणूस वाफेतून निघून थेट गार शॉवरखाली उभा राहतो. आतली हवा आकुंचन पावते, बाहेरची ओल आत ओढली जाते आणि काचेच्या आतल्या अंगाला धुके धरते. बॅटरी लिथियमची, तिला उष्णता मानवत नाही. ॲपलने आपल्या बहुतेक घड्याळांसाठी भोवतालच्या हवेचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे सांगितले आहे. स्टीमरूममध्ये ते ४० ते ५० असते आणि फिनिश पद्धतीच्या सौनात ८० ते १००. आमच्या डहाणूचा मे महिनासुद्धा त्या ३५च्या रेषेला जाऊन टेकतो, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

घड्याळ बिघडले तर नवे येईल. प्रश्न त्याच्या शब्दाचा आहे. मनगटाखाली जे हिरवे दिवे लुकलुकतात, त्यांचा प्रकाश त्वचेत शिरून रक्तात किती शोषला जातो यावरून नाडीचा हिशेब होतो. घामाचा आणि पाण्याचा थर मध्ये आला, पट्टा ओला होऊन सरकला, की हा हिशेब चुकू शकतो. पडद्यावर पडणारे थेंब यंत्राला बोटाच्या स्पर्शासारखे वाटतात. पण समजा, आकडा अचूक आला. तरी वाफेतल्या माणसाला धोका कशाचा असतो? शरीर थंड राहावे म्हणून रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त त्वचेकडे धावते आणि रक्तदाब उतरतो. बसलेला माणूस झटकन उठला की डोळ्यांसमोर अंधारी येते. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा आदल्या रात्री मद्य झाले असेल, तर अधिकच. हा उतरलेला रक्तदाब त्या क्षणी दाखवणे बहुतेक मनगटी घड्याळांच्या आवाक्यातले नाही. शरीराच्या गाभ्याचे तापमानही त्यांना कळत नाही. म्हणजे जे मोजायला हवे ते मोजले जात नाही आणि जे मोजले जाते ते नेमके तिथेच भरवशाचे राहत नाही.

डहाणूकरांना वाफ म्हणजे काय हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नसावी. इथे हवामान खात्याची वेधशाळा आहे. तिचे उन्हाळ्यातले आकडे विदर्भातील आकड्यांपुढे अगदीच किरकोळ दिसतात. पण सदऱ्याला विचारा. दमट हवेत घाम येतो, परंतु वाळत नाही. आणि जो घाम वाळत नाही तो अंग थंड करत नाही. स्टीमरूम ही याच गोष्टीची परिसीमा होय. तिथली हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की घाम वाळणे जवळपास थांबते. उलट बाष्पच त्वचेवर पाण्यात रूपांतरित होऊन आपली उष्णता अंगाला देते. ज्याला आपण निथळणारा घाम समजून खूश होतो, त्यात पुष्कळसे खोलीतलेच पाणी असते. म्हणून ४५ अंशांची ओली खोली ही ८० अंशांच्या कोरड्या खोलीपेक्षा सौम्य असते, हा समज फसवा आहे. आणखी एक गंमत अशी, की डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्रात नव्वदच्या दशकापासून वाफेवर वीज तयार होते आणि ती मुंबईच्या उपनगरांकडे जाते. त्याच उपनगरांतील मंडळी शनिवार-रविवारी वाफ घ्यायला इकडे येतात.

आमच्या मित्राकडे अर्थातच पुरावा होता. फिनलंडमधील कुओपिओ परिसरात २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षे पाठपुरावा करून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांमध्ये, एकदाच घेणाऱ्यांच्या तुलनेत, हृदयविकाराने अकस्मात मृत्यू येण्याचे प्रमाण कमी आढळले. अभ्यास खरा आहे. मात्र तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यातील सौना कोरडा आहे, आणि ती माणसे लहानपणापासून त्या उष्णतेत वाढलेली आहेत. त्यांच्याकडे सौना हा कुटुंबाचा आणि मित्रमंडळींचा विधी आहे. युनेस्कोने २०२० साली त्याची वारसा म्हणून नोंद केली ती त्या सामाजिक परंपरेची. यातले सोबतीचे कलम आमच्या मित्राने वाचलेच नव्हते.

आता आपल्याकडील जुन्या पुस्तिकेकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय स्वेदनाचा आहे. त्यात अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याचे तेरा प्रकार दिले आहेत आणि त्यांपैकी 'जेन्ताक' हा तर थेट सौनाच होय. जलाशयाच्या काठी जागा पाहून सोळा अरत्नी रुंदीची आणि तेवढ्याच उंचीची गोल खोली बांधायची, ती मातीने लिंपायची, भिंतीला लागून दारापर्यंत एक कट्टा करायचा, मधोमध सच्छिद्र भट्टी ठेवून तीत खैरासारखे लाकूड जाळायचे आणि धूर सरला की रोग्याला आत धाडायचे. आत धाडताना वैद्य त्याला बजावतो, की काही झाले, घामाने घेरी आली, तरी हा कट्टा सोडू नकोस. सोडलास तर दार सापडणार नाही आणि जिवाला मुकशील. अंग हलके झाले, जखडलेपण गेले, घाम नीट वाहिला, की कट्ट्याच्याच आधाराने दाराशी ये. बाहेर आल्यावर लगेच गार पाण्यात शिरू नकोस.

या अध्यायात आकडा जवळजवळ नाही, चिन्हे आहेत. थंडी आणि ठणका थांबला, जडपणा गेला, अंग मऊ पडले, की पुरे. तहान, दाह, मूर्च्छा, आवाज क्षीण होणे ही अतिरेकाची चिन्हे. गर्भिणी, मधुमेही, नित्य मद्य घेणारा, थकलेला, भुकेला, इतकेच काय, रागावलेला आणि शोकग्रस्त माणूसही वर्ज्य. शिवाय स्वेदन चालू असताना रोग्याच्या हृदयाला गार मोत्यांच्या माळांनी, थंड भांड्यांनी, ओल्या हातांनी स्पर्श करत राहावे, असेही सांगितले आहे. या उपायाचे वैद्यकीय मूल्य किती, हे ठरवण्याचा आमचा अधिकार नाही. आम्हाला त्यातला हात दिसला. मोत्यांची माळ धरायला, आवाज क्षीण झाला हे ऐकायला, शेजारी कोणीतरी असावे लागते. स्वतःचा क्षीण झालेला आवाज स्वतःला ऐकू येत नाही. ज्या बुद्धीने निघायचा निर्णय घ्यायचा तीच उष्णतेत आधी मंदावते.

हे शहाणपण ग्रंथातच राहिले असेही नाही. आमच्या आयांच्या पिढीपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी असे. ओवा, वेखंड, बाळंतशेपा यांची धुरी असे. त्या कोंदट खोलीविषयी आजचे डॉक्टर नाक मुरडतात आणि धुराच्या बाबतीत ते बरोबरच आहे. परंतु त्या खोलीत बाळंतीण एकटी नसे. सुईण किंवा घरातली जाणती बाई बाजेपाशी बसून "सोसतंय का गं?" असे विचारीत असे. आमच्या पालघर जिल्ह्यातल्या सातिवलीच्या आणि कोकनेरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेलात तरी तेच दिसेल. आधी पाय बुडवायचे, मग अंगावर ओंजळीने पाणी घ्यायचे, आणि काठावर बसलेली कोणी वडीलधारी बाई "बास झालं, या आता वर" म्हणणार.

अर्थात नुसते दुसरे माणूस असून भागत नाही. ते कोणत्या नात्याने तिथे आहे यालाही महत्त्व आहे. फिनलंडमधल्या हेइनोला या गावी १९९९ सालापासून सौनाच्या जागतिक स्पर्धा होत. तापमान ११० अंश, दर अर्ध्या मिनिटाला तापल्या दगडांवर पाणी, आणि शेवटपर्यंत बसेल तो विजेता. ७ ऑगस्ट २०१० रोजी अंतिम फेरीतले दोघे सुमारे सहा मिनिटांत कोसळले. एकाचा मृत्यू झाला, दुसरा गंभीर भाजला. त्यानंतर ती स्पर्धा कायमची बंद झाली. घड्याळे होती, पंच होते, शेकडो प्रेक्षक होते. परंतु शेजारचा माणूस प्रतिस्पर्धी होता, आणि त्याच्या आधी उठणे म्हणजे हरणे होते.

हे आम्ही मित्राला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग भलतेच बोलू लागला. त्याची नोकरी तलासरी तालुक्यात शिक्षक म्हणून झाली. दिवाळीची सुट्टी संपली की वर्गातले बाक रिकामे होत. आईबाप भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघाले की पोरेही जात, ती पावसाच्या तोंडावर परत येत. दिवाळीपूर्वीच उचल घेतलेली, ती फेडायला नवराबायको दोघे मिळून विटा थापणार, मजुरी हजार विटांमागे. तो म्हणाला, "तिथे कोणी एकटं नसतं रे. नवरा असतो, बायको असते, पोरं असतात. बायकोला दिसतं नवऱ्याला घेरी आलीय ते. पण थांब कसं म्हणणार? थांबलं की हजार भरत नाहीत."

आमच्या सगळ्या मांडणीला हा एक तडा होता, आणि तो मान्य केला पाहिजे. सोबत पुरेशी नाही. 'बास' म्हणण्याचा अधिकार असलेली सोबत हवी. जेन्ताकाच्या दाराशी उभ्या असलेल्या वैद्याकडे तो होता, सुईणीकडे होता, झऱ्याकाठच्या म्हातारीकडे आहे. हेइनोलाच्या स्पर्धकाने तो स्वतःहून सोडला होता. भट्टीवरच्या बाईकडून तो उचलीच्या रकमेने काढून घेतला आहे. एप्रिल-मेमधल्या भट्टीची धग मोजणारे यंत्र तिच्या मनगटावर बांधले, आणि त्याने अगदी अचूक धोक्याची सूचना दिली, तरी ती सूचना घेऊन तिने कोणाकडे जायचे? उष्णतेचे आकडे गोळा करण्याचा उत्साह सध्या सर्वत्र आहे. आकडा हाती आल्यावर काम थांबवण्याचा हक्क कोणाचा, हे आधी ठरले नाही तर तो आकडा नोंदवहीत पडून राहील.

आमच्यापुरते सांगायचे तर आम्हाला कोणाची उचल फेडायची नाही, त्यामुळे मार्ग सोपा होता. मित्राने आपल्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारले. त्यांनी ओली वाफ बंद करायला सांगितली. फार हौस असेल तर कोमट पाण्याने अंघोळ करा म्हणाले. आमच्यातल्या ज्या दोघांना मनाई नाही ते अजून अधूनमधून जातात. दहा मिनिटे बसतात, हळू उठतात. घड्याळे बाहेर, बाकावर बसणाऱ्याच्या खिशात असतात, आणि तो दर दोन मिनिटांनी दार ठोठावून नावाने हाक मारतो. उत्तर आले नाही तर दार उघडायचे, हे ठरलेले आहे. बाकावर बसण्याचे काम बहुतेक वेळा आमचा तो मित्रच करतो.