रांगोळीपलीकडे

आमच्या वडगावात विणकरांची वस्ती दाट. मागांच्या खडखडाटात अभ्यास करून कॉलेजात गेलेली आमची एक माजी विद्यार्थिनी परवा घरी आली. स्नेहसंमेलनाच्या चिटणीसपदासाठी उभे राहावे की नाही, हे तिला विचारावयाचे होते. आम्ही काही बोलण्यापूर्वीच ती हसून म्हणाली, "सर, शाळेत तिन्ही वर्षे तुम्ही मला रांगोळीच काढायला लावलीत!"

आरोप खरा होता. हिशेब मुलांकडे, रांगोळी नि स्वागतगीत मुलींकडे, ही वाटणी आम्ही कधी तपासलीच नाही. (आणि सावित्रीबाईंवर भाषणे आम्हीच करीत आलो!)

त्या रात्री ताराबाई मोडक आठवल्या. १९४५ साली बोर्डीस त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या या शिक्षिकेला ताराबाईंनी उपदेश पाजला नाही, कामातच ओढले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावयाची, हे दोघींनी मिळून केले. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या आदिवासी मुलांत गेले. १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या. पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, अनुताईंनी ते सांभाळले.

मुलीला आम्ही "उभी राहा" म्हणालो. तिने भाषण लिहून मागितले. ते मात्र दिले नाही.

सोमवारी नववीतल्या एका मुलीच्या हाती सहलीची हिशेबवही दिली. पहिल्याच बेरजेत चूक निघाली. आम्ही लाल पेन खिशातच ठेवले नि तिलाच ती शोधावयास सांगितले.