शेजारची किल्ली

शिरूरला रेल्वे नाही आणि दौंडला रेल्वेवाचून दुसरे काही नाही, असे म्हटले तर दोन्ही गावे रागावतील. पण प्रवाशाला ती अशीच दिसतात. एक घोडनदीच्या काठी, दुसरे भीमेच्या. आणि कुलूप लावण्याची रीतही दोघांची निराळी!

शिरूरच्या जुन्या आळीत चार दिवस गावाला जायचे म्हणजे दाराला कुलूप लावायचे आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यायची. तुळशीला पाणी कोण घालणार? कुलूप चोरासाठी, किल्ली शेजाऱ्यासाठी, असा तो सरळ हिशेब. दौंडला शेजारी म्हणजे बाकावरचा. पुढच्या स्टेशनात उतरून जाणारा. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचे इंजिन इथे या टोकाचे काढून त्या टोकाला जोडीत. कॉर्ड लाइन झाल्यापासून कित्येक गाड्यांचा हा खोळंबा वाचला. त्या खोळंब्यात चहाला उतरणारा शहाणा प्रवासी बाकाखालच्या साखळीचे कुलूप आधी दोनदा ओढून पाही. किल्ली करगोट्याला!

आता या तालुक्यांतलेही आईबाप मुलांकडे अमेरिकेला जातात. बॅगेत गोडा मसाला, मेतकूट, डिंकाचे लाडू. दुकानदार म्हणतो, “टीएसएचे कुलूप घ्या.” हे कुलूप मोठे चमत्कारिक. आकडे आपण जुळवायचे. शेजारी किल्लीचे भोक असते, पण ती किल्ली आपल्याला मिळतच नाही. ती असते विमानतळावरच्या तपासनिसाकडे.

सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर त्याच वर्षी अमेरिकेने टीएसए हे सुरक्षा खाते काढले आणि विमानात चढणाऱ्या सामानाची कसून तपासणी सुरू झाली. ही कुलुपे २००३ पासूनची. संशय आला की तपासनीस आपल्या किल्लीने बॅग उघडतो आणि आत छापील चिठ्ठी ठेवतो. साधे कुलूप असेल तर ते तोडतो. भरपाई मागायची सोय नाही.

पण २०१४ साली एका अमेरिकन वृत्तपत्रात या किल्ल्यांचे छायाचित्रच छापून आले! पुढच्या वर्षी त्यावरून नकाशे तयार झाले आणि घरच्या यंत्रावर किल्ल्या निघू लागल्या. तेव्हा चोराला हे कुलूप अडवील, या भ्रमात राहू नये. चेन आपोआप उघडू नये, रिकामटेकडा हात आत जाऊ नये, एवढेच त्याचे काम. दागिने, औषधे आणि कागदपत्रे हातातल्या पिशवीतच बरी.

काकूंच्या किल्लीला चेहरा होता. डब्यातली साखर घेतली तर त्या संध्याकाळी सांगत. छापील चिठ्ठीला चेहरा नसतो. घडी विसकटलेली दुपटी पाहून परक्या मुलखात आईचा जीव चरकतो, तो चोरीच्या भयाने नव्हे. आपल्या मसाल्यात कोणी अनोळखी माणसाने हात घातला म्हणून.

याला उपाय कुलपात नाही. प्रत्येक पुडीवर आत काय आहे ते ठळक इंग्रजीत लिहावे, म्हणजे ती फोडून पाहण्याचे कारण कदाचित कमी होईल. किल्ली त्याच्याकडे आहेच. शेजारधर्माची सुरुवात आपण करावी.